शिवणीतली माया

मास्तरांच्या दुकानात आजवर कोणीही जाड झाले नव्हते. कापड आटत असे.

गेल्या वर्षी शिवलेली पँट कमरेला बसेनाशी झाली, की गिऱ्हाईक पोट आत ओढून, ओशाळे तोंड करून आरशासमोर उभे राही. मास्तर पट्टीने कंबर मोजत, आकडा मनातच ठेवत आणि मान हलवत.

"कापड आटलंय हो. हल्ली येतंच तसं. धुतलं की आटलं."

गिऱ्हाईक अडवलेला श्वास सोडे, "तरीच म्हटलं!" असे म्हणे, आणि मास्तर आतली माया उसवून पँट सैल करून देत. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड दुमडून ठेवतात, ती माया. बाकीचे शिंपी बोटाच्या पेराएवढी ठेवत. मास्तर हात सैल सोडून ठेवत. माणूस आज आहे तेवढाच उद्या असेल असे थोडेच आहे, असे त्यांचे म्हणणे.

दुकान म्हणजे जिन्याखालची लांबोडकी खोली. दारात मशीन, त्यामागे कापायचे टेबल, टेबलामागे पडदा. पडद्याआड कपडे बदलायची जागा होती, पण जिन्याच्या उतारामुळे उंच माणसाला तिथे मान तुकवूनच पँट चढवावी लागे. आरसा वरून किंचित मागे कललेला होता. त्यात माणूस जरासा शेलाटा दिसतो. मुद्दाम तसा लावलाय का, असे कोणी विचारले तर मास्तर म्हणत, "खिळाच तसा बसला."

मास्तरांचे वडीलही शिंपीच होते. हात सोन्याचा आणि जीभ कात्रीची. लग्नाचा झगा बेतायला आलेल्या एका मुलीला ते सगळ्यांदेखत म्हणाले होते, "पोतं शिवायचं असेल तर पोतेवाल्याकडे जा." झगा सुरेख झाला. पण तो न्यायला ती मुलगी आली नाही, तिची आई आली. मास्तर तेव्हा शाळकरी होते, कोपऱ्यात बसून बटणे निवडत होते. त्या मुलीची मान कानापासून खाली लाल होत गेलेली त्यांनी पाहिली, आणि ते दृश्य त्यांच्या मनातून पुढे कधी गेलेच नाही. मोठेपणी चर्चच्या मंडळीत बसू लागल्यावर, बोलणे कृपेचे असावे हे उपासनेत वारंवार कानावर पडले, तेव्हा त्यांना फार हायसे वाटले. आपण भीतीपोटी धरलेल्या सवयीला देवाच्या घरीही जागा आहे म्हणायची!

तेव्हापासून रोज सकाळी मशीनच्या चाकावर हात ठेवून ते पुटपुटत, "प्रभू, आज माझ्या तोंडून कोणी दुखावलं जाऊ नये."

"आमेन," काजे करायला टेबलाशी बसलेली बायको म्हणे. "आणि ते चार शर्ट इकडे सरकवा."

बायको निराळ्या मातीची होती. मनात आले की ओठावर. गिऱ्हाइकाला ती सरळ सांगे, "हा रंग तुम्हाला शोभत नाही." गंमत अशी, की रंग निवडायचा झाला की लोक तिलाच विचारत, आणि माप द्यायचे झाले की मास्तरांकडे वळत.

रस्त्यापलीकडे बेकरी होती. बेकरीवाल्या बाई म्हणजे मास्तरांचे सर्वांत जुने गिऱ्हाईक आणि रविवारच्या उपासनेत मागच्याच बाकावरचा दणदणीत आवाज. भट्टीपुढे घालायला त्यांना जाड पांढरे कोट लागत. ते मास्तरच शिवत आणि दर वर्षी सैल करून देत.

"काय मास्तर, आटलं ना यंदाही?"

"आटलं हो बाई. दळभद्री कापड!"

मग बाई पोटावर दोन्ही हात ठेवून हसत. "बेकरीवाली काटकुळी असली तर पाव कोण घेईल? लोक म्हणतील, हिलाच पुरत नाही, आपल्याला काय देणार!"

त्या बाई एक दिवस कोट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आवळून द्या."

मास्तरांना वाटले ऐकण्यात चूक झाली. पण बाई कोट घालून आरशासमोर उभ्या राहिल्या, दोन्ही बाजूंचे कापड चिमटीत धरून पंखांसारखे हलवून दाखवू लागल्या. "बघा! साठीला टेकले नि कंबर सापडली. लग्नानंतर हरवली होती, कुठे ठेवली तेच आठवत नव्हतं. आता काय म्हणाल? कापड वाढलं?"

मास्तर मनापासून हसले. कोट आवळून दिला. पण पाने गळायच्या आत बाई पुन्हा आल्या, आणि थोड्याच दिवसांनी पुन्हा. तिसऱ्या खेपेला मास्तर खांद्यावर टाचण्या लावत होते, तेव्हा त्यांची बोटे थांबली.

आपणहून बारीक होणारी माणसे त्यांनी पुष्कळ पाहिली होती. त्यांचे पोट आधी उतरते, गाल मागाहून, आणि आरशात ती नेहमी बाजूने वळून बघतात. बाईंचे खांदे गेले होते. कॉलरमधून मान वर आली होती ती दुसऱ्या कोणाच्या कोटातून डोकावल्यासारखी. शिवणीत एवढी माया साठली होती, की कडा आतून दोरखंडासारख्या लागत होत्या.

"जरा पाणी द्या हो," बाई म्हणाल्या. एक पेला प्यायल्या, दुसरा प्यायल्या, तिसरा मागितला. "भट्टीपुढे घसा सुकतो."

जन्म त्याच भट्टीपुढे गेला होता. घसा आताच सुकू लागला होता.

त्या गेल्यावर बायकोने सुई खाली ठेवली. "अहो, तुम्हाला दिसलं ना?"

"काय?"

"काय म्हणजे! बाईंना काहीतरी झालंय. त्यांना डॉक्टरकडे जायला सांगा."

"आपण कोण सांगणारे? आपण काही डॉक्टर नव्हे. वयाने झाल्या असतील बारीक. आणि किती खूश आहेत, बघितलंस ना? त्यांना काय सांगू, की ही कंबर सापडलेली नाही, काहीतरी हरवतंय म्हणून?"

"हेच सांगा. चांगलं बोललात की!"

"अगं, असं तोंडावर?"

"मग काय पाठीवर सांगणार?"

बायकोने स्वतः सांगितले असते, पण तिचा आणि बाईंचा अबोला होता. फार पूर्वी भर गर्दीत तिने पाव दाबून पाहिला होता आणि "हा कालचा आहे" असे म्हटले होते. पाव कालचाच होता. म्हणून तर ते लागले. आता मास्तरांच्या घरी पाव लांबच्या दुकानातून येई, आणि या बेकरीचे बन मास्तर टेबलाआड बसून एकटेच खात.

"मी बोलले तर त्या म्हणतील, जळते," बायको म्हणाली. "तुमचं ऐकतील. तुमचं सगळे ऐकतात."

मास्तरांनी त्या दिवशी कपडे टांगायच्या लाकडी पुतळ्यासमोर उभे राहून तालीम केली. "बाई, राग मानू नका, तसं काही नसेलही, पण समजा असलंच..." पुतळ्याला मान नव्हती, त्यामुळे तो नाही म्हणत नव्हता. पडद्याआडून बायको म्हणाली, "माया कापडात ठेवतात हो. बोलण्यात एवढी ठेवली तर माणसाला माप कसं कळायचं?"

मास्तरांना ते पटले, आणि पटूनही काय करावे ते कळेना. खरे बोलावे तर बाई दुखावणार. बाई दुखावू नयेत असे पाहावे तर खरे बोलता येणार नाही. आणि हे सगळे खरे आहे तरी कशावरून? दोन दिवस त्यांनी काजाच्या जागी बटणे लावली आणि बटणांच्या जागी काजे पाडली.

तिसऱ्या दिवशी चर्चचे पाळकसाहेब आले. उपासनेचा लांब झगा त्यांना काखेत काचत होता.

"आटलाय, नाही का?" ते हात वर करून म्हणाले.

"आटलाय," मास्तर सवयीने म्हणून गेले, आणि त्यांना कसेसेच झाले. माप घेता घेता त्यांनी नाव न घेता विचारले, "पाळकसाहेब, एखाद्याला अवघड गोष्ट सांगायची असेल, तर कशी सांगावी?"

"खरं सांगावं. पण प्रेमाने."

"आधी काय? खरं की प्रेम?"

पाळकसाहेब हात वर तसेच ठेवून विचारात पडले. "दोन्ही एकदम."

"एकदम जमत नाही हो. मी प्रेमाने सुरुवात करतो आणि खरं येईपर्यंत गिऱ्हाईक निघून जातं."

"मग आधी खरं सांगून बघा."

"मग गिऱ्हाईक थांबेल, पण प्रेमावर विश्वास ठेवेल का?"

पाळकसाहेबांनी हात खाली घेतले. प्रामाणिक माणूस होता. "मलाही हे नीट जमतं असं नाही, मास्तर," ते म्हणाले. "प्रार्थना करा."

"केली. उत्तर तुमच्याबरोबर येईल असं वाटलं होतं."

दोघेही हसले. झगा सैल करायला ठेवून पाळकसाहेब गेले, आणि मास्तर होते तिथेच राहिले.

कोट न्यायला बाई आल्या तेव्हा बायको बाजारात गेली होती. मास्तरांनी कोटाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "बाई, घरी सगळं ठीक ना?"

"ठीकच. का हो?"

"नाही, आपलं सहज. खाणंपिणं वेळेवर होतं ना? कोणी लक्ष देतं ना तुमच्याकडे?"

बाईंचा कोट घ्यायला पुढे आलेला हात थांबला. मुलगा लांबच्या शहरी नोकरीला. घरात त्या आणि सून. हल्लीच सुनेने दुकानाची किल्ली स्वतःकडे घेतली होती आणि बाईंना म्हणत होती, "आई, तुम्ही आता बसा." बाईंना ते 'बसा' डाचत होते.

"म्हणजे," बाई हळूच म्हणाल्या, "तुम्हालाही दिसलं तर!"

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. बाईंना कळले होते. एकही टोचरा शब्द न बोलता कळले होते.

"दिसतं हो बाई. बघणाऱ्याला दिसतंच. लोक तोंडावर बोलत नाहीत, एवढंच."

"लोकही बोलतात?"

"काळजीने हो. तुम्ही सगळं हसण्यावारी नेता, म्हणून कोणी धजत नाही. पण अशा गोष्टी आतून पोखरतात. वेळीच पाऊल उचलावं."

"उचलते," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "आजच उचलते. मास्तर, तुमच्यासारखा माणूस नाही. दुसरा कोणी असता तर घाव घालून बोलला असता."

त्या गेल्या आणि मास्तर मशीनवर बसले. पायाला लय सापडली. बायको परत आली तर हे गात होते.

"सांगितलं?"

"सांगितलं. कळलं. आजच जाणार आहेत."

"कुठल्या शब्दांत सांगितलं?"

"शब्दांचं काय घेऊन बसलीस? समजणाऱ्याला समजतं."

बायकोने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले, पण काही बोलली नाही. तिने न बोलणे ही इतकी अपूर्व गोष्ट होती, की मास्तरांनी तेव्हाच सावध व्हायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक गृहस्थ टाचण्या लावलेली पँट घालून उभे होते, तेवढ्यात बाईंची सून आत आली. हातापायांना पीठ तसेच होते.

"मास्तरकाका, मी सासूला उपाशी ठेवते?"

मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या त्यांनी एकेक करून काढल्या. "छे छे, कोण म्हणालं?"

"तुम्ही! तुम्ही म्हणालात, मी त्यांच्याकडे लक्ष देत नाही, मी त्यांना आतून पोखरते, सगळी गल्ली बोलते म्हणून! काल आईंनी माझ्याकडून किल्ली काढून घेतली. माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत. मला म्हणाल्या, मास्तरांसारख्या देवमाणसालासुद्धा बघवेना, तिथे तू किती छळत असशील!"

"तसं नव्हे हो..."

"मग कसं?"

"म्हणजे माझा रोख तसा नव्हता. मी आपलं एकंदरीत, एक काळजी म्हणून..."

"कसली काळजी? सरळ बोला की हो काका! सगळ्यांशी एवढं गोड बोलता, माझ्याच वाटणीला हे विष का?"

टाचण्यांतले गृहस्थ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मास्तरांनी तोंड उघडले. 'राग मानू नका' आले, 'तसं काही नसेलही' आले, 'समजा' आले. सगळे शब्द दाराशी येऊन गर्दी करू लागले आणि एकही बाहेर पडेना. शेवटी बाहेर पडला तो ज्याला ते कित्येक दिवस आत कोंडून होते.

"तुमच्या सासूबाई खंगत चालल्यात."

मास्तरांना वाटले, आपल्या तोंडून आपले वडील बोलले.

सून स्टुलावर बसली. "खंगत?"

"खांदे उतरलेत. हाडं लागतात हाताला. पाणी किती पितात, बघितलंत?"

"पाणी," सून म्हणाली. "पाणी तर... मी म्हटलं भट्टीची धग. म्हणून तर किल्ली घेतली मी. म्हटलं, बसू देत, दमतात. मला वाटलं वय." तिने पदर नव्हता म्हणून बाहीलाच डोळे पुसले, पीठ गालाला लागले. मग ताडकन वर बघत म्हणाली, "अहो, मग हे त्यांना सांगायचं होतंत ना!"

"सांगितलं."

"काय सांगितलं?"

मास्तरांनी काल बोललेले शब्द जसेच्या तसे सांगितले. घरी सगळं ठीक ना. कोणी लक्ष देतं ना. आतून पोखरतं. बोलता बोलता त्यांचे त्यांनाच ऐकू आले, आणि त्यांचा आवाज बारीक होत होत बंद पडला.

"वा!" टेबलाशी बसलेली बायको म्हणाली. तेवढेच म्हणाली.

"चूक माझी," मास्तर सुनेला म्हणाले. "तुमचा काही दोष नाही."

"दोष राहू द्या. त्यांना आता दवाखान्यात कोण नेणार? मी म्हटलं तर म्हणतील, ही मला आजारी ठरवून दुकान बळकावतेय."

हे ऐकल्यावर मास्तर उठले. गळ्यात मापाची पट्टी तशीच, आणि ते रस्ता ओलांडून बेकरीत शिरले. बाई किल्ली कमरेला लावून काउंटरमागे ताठ बसल्या होत्या. मास्तरांना बघून त्यांचा चेहरा उजळला. त्या त्यांना मागे भट्टीच्या खोलीत घेऊन गेल्या. पिठाची पोती भिंतीला रांगेने लावली होती. त्यांतल्या एकावर पाण्याचा मोठा तांब्या होता.

"बाई, मी काल चुकीचं बोललो."

"चुकीचं? डोळे उघडलेत माझे!"

"सुनेबद्दल नव्हतो बोलत. तुमच्याबद्दल बोलत होतो. तुम्ही आजारी आहात असं मला वाटतं. डॉक्टरकडे जा."

बाई आधी हसल्या. मग हसू मावळले. त्यांनी दाराकडे पाहिले, मास्तरांकडे पाहिले. "ती आत्ता तुमच्याकडे गेली होती. बघितलं मी. तिने पढवून पाठवलं ना?"

"नाही हो!"

"काल एक, आज एक! काल तुम्ही खरे होतात की आज?"

मास्तर गोंधळून गेले. काल ते खोटे बोलले नव्हते, आणि तरी सगळे खोटेच पोचले होते. आज उघडे खरे बोलत होते आणि ते पढवलेले वाटत होते. स्वतःला खरे ठरवायचे कसे? त्यांनी हाताशी होते ते एकमेव काम केले. कबुली दिली.

"बाई, तुमचं कापड कधीच आटलं नव्हतं. एकदाही नाही. तुम्ही दर वर्षी जाड होत होतात, आणि मी खोटं बोलत होतो."

बाईंनी त्यांच्याकडे असे पाहिले, जसे पहिलीतल्या पोराकडे बघतात. "मास्तर, ते मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. कापड आटलं म्हणजे पाव कमी खा, हे पोरंसोरंसुद्धा जाणतात. तुम्हाला बरं वाटतं म्हणून आम्ही हो म्हणतो."

एवढी वर्षे आपण लोकांना जपतोय असे त्यांना वाटत होते, आणि लोक त्यांना जपत होते. ते पिठाच्या पोत्यावर टेकले. मापाची पट्टी हातात घेऊन गुंडाळू लागले, पण हात कापत होते आणि पट्टी पुन्हा पुन्हा सुटत होती.

बाई ते हात बघत राहिल्या.

"तुम्ही घाबरलात?" त्यांनी विचारले. त्यांचा आवाज एकाएकी खाली आला होता. "माझ्यासाठी?"

मास्तरांनी होकारार्थी मान डोलावली.

बाईंनी तांब्या उचलला, तोंडाला लावता लावता थांबल्या आणि परत ठेवला. बाहेर कोणीतरी काउंटरवर टकटक करत होते. त्या गेल्या नाहीत. मग तिरसटपणे म्हणाल्या, "सुनेबरोबर मी जाणार नाही. काल तिला नको नको ते बोललेय."

"बरं."

"तुमच्याबरोबर तर मुळीच नाही. डॉक्टर सांगेल एक आणि तुम्ही मला सांगाल भलतंच. बायकोला पाठवा तुमच्या."

"तिला? पण तुमचं तर..."

"फटकळ आहे. काही सुचत नसलं की फटकळ माणूस बरं. डॉक्टर म्हणेल ते तशाच्या तसं तोंडावर आदळेल. पाठवा."

बायको गेली. केसांवरून हात फिरवला, सुई कापडाला टोचून ठेवली आणि गेली. दोघी रस्त्याने एकमेकींपासून हातभर अंतर ठेवून, एकही शब्द न बोलता जाताना मास्तरांनी पाहिल्या.

टाचण्यांतले गृहस्थ आपले कपडे घालून केव्हाच निघून गेले होते. मास्तर एकटे उरले. मशीनच्या चाकावर हात ठेवला, डोळे मिटले आणि त्यांना कळेना की मागायचे काय. 'कोणी दुखावलं जाऊ नये' म्हणावे, तर काल दोघी दुखावल्या होत्या त्या नेमक्या त्याच इच्छेने. 'खरं बोलण्याचं बळ दे' म्हणावे, तर खरे बोलताना वडिलांचा आवाज ऐकू आला होता. आणि बाई शेवटी वळल्या त्या गोड बोलण्याने नव्हे, खरे बोलण्याने नव्हे, नुसते कापणारे हात बघून. मग हे सगळे आयुष्य बोलण्यात घालवले ते कशासाठी? 'प्रभू,' ते म्हणाले, आणि पुढे काहीच म्हणाले नाहीत. पाळकसाहेबांचा झगा समोर पडला होता. त्याची शिवण उसवत ते बसून राहिले.

दोघी परतल्या त्या भांडत.

"मी सांगतेय ना, गोड बंद म्हणजे बंद!"

"अहो पण चहात तरी..."

"चहातही नाही. डॉक्टर काय म्हणाले? मी तिथेच होते."

रक्तात साखर होती, आणि फार होती. डॉक्टर चिडले होते, इतके दिवस काय करत होता म्हणून. रोज टोचून घ्यायचे औषध होते, आणखी तपासण्या व्हायच्या होत्या, पायांची काळजी घ्यायची होती. बायकोने हे सगळे एका दमात, डॉक्टरच्या चिडण्यासकट सांगितले. पण ऐन वेळी आलात असेही डॉक्टर म्हणाले होते, ते सांगायला ती विसरली. ते बाईंनी सांगितले.

मग बाई दारातच रेंगाळल्या. समोर बेकरीत सून एकटी काउंटरवर होती. तिने यांना येताना पाहिले होते आणि मुद्दाम पाठ फिरवून बिस्किटांचे डबे पुसत होती.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "तिला काय सांगू? तुमच्याकडे शब्द असतात. द्या चार."

मास्तरांनी शोधले. 'गैरसमज झाला' होते. 'मनावर घेऊ नकोस' होते. 'रागाच्या भरात माणूस बोलतो' होते. सगळे मऊ होते, आणि त्यांतला कुठला तिकडे पोचेपर्यंत काय होऊन बसेल याची आता त्यांना खात्री देता येईना.

"सुचत नाही हो बाई," ते म्हणाले. "मी येऊ का बरोबर?"

"नको. तुम्ही आलात की तिला आणखी तिसरंच काही समजायचं."

बाई एकट्याच रस्ता ओलांडून गेल्या. मास्तर दाराशी येऊन उभे राहिले. बाईंनी कमरेची किल्ली सोडवून काउंटरवर ठेवलेली त्यांना दिसली. सून वळली नाही. बाई काहीतरी बोलत होत्या, एक हात पोटावर, एक हात हवेत. सुनेने फडके जोरात आपटले. मग तीही बोलू लागली, दोघी एकदम बोलू लागल्या. सुनेने तोंड हातांनी झाकले. बाईंचे खांदे हलत होते. ते हसण्याने हलत होते की रडण्याने, ते रस्त्याच्या या बाजूने काही केल्या कळत नव्हते, आणि किल्ली अजून मध्येच पडून होती.

"काय चाललंय तिकडे?" बायकोने विचारले.

"कळत नाही."

"भांडतायत का?"

"तसंही असेल," मास्तर म्हणाले. "नाही. थांब. मला खरंच कळत नाही गं."

बायको उठून त्यांच्याशेजारी येऊन उभी राहिली, आणि तिलाही कळेना.